पानं मांडलीत, चला

कुंभकोणम्, १२ जून १९५६

प्रिय सुंदरी,

तुझ्या आईने मला अगदी जेरीस आणलं आहे, हे आधी सांगते. खुशाली मागाहून.

एकट्या पडलेल्या, हाताशी काही नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी छत्राच्या धर्मशाळेत आम्ही दुपारचं जेवण सुरू केलं. वाटलं होतं, शिजवणं अवघड. शिजतो गं भात. माणसं येत नाहीत. आपली म्हातारी माणसं उपाशी राहतील, पण बोलावल्याशिवाय जेवायला जाणार नाहीत. सकाळी दारात जाऊन बोलवायचं आणि पानं मांडली की पुन्हा जायचं, ‘चला, पानं मांडलीत.’ रोज, या उन्हात. गुरुमूर्ति तर दुसऱ्या बोलावण्याला हटकून झोपलेले असतात, म्हणजे तिसरी खेप. स्वयंपाकीण अलमेलू म्हणते, तुम्हा मराठ्यांचं तंजावरचं राज्य गेलं, आमंत्रणं तेवढी राहिली.

सगळ्यांवर वरताण तुझी आई, गंगाबाई. पानावर बसल्या की सारात मीठ कमी, केळफूल करपलेलं, आणि ‘तुळसी, तुला तुझ्या आईचा हात नाही.’ उद्यापासून बोलावणारच नाही, असं मी रोज ठरवते आणि सकाळी पहिली त्यांच्याच दारात उभी राहते.

तुम्ही मायलेकी सारख्याच. नवरात्रात त्यांनी तुला सवाष्ण म्हणून कार्डाने बोलावलं. कार्ड म्हणजे का बोलावणं, म्हणून तू आली नाहीस. लेकीला माहेरी यायला बोलावणं कशाला, म्हणून त्या रुसल्या. तुझं तिरुविडैमरुदूर इथून बसने अर्ध्या तासावर, आणि अबोल्याला वर्षं लोटली.

परवा त्यांनी शेजारी आणखी एक पान मांडायला लावलं. म्हणाल्या, सुंदरी येतेय, सकाळीच तिच्या घरी जाऊन कुंकू लावून बोलावून आले. अगं, त्या आता गल्लीच्या टोकापर्यंतही एकट्या जात नाहीत. मी बरं म्हटलं. पण तू आल्याशिवाय त्या जेवेनात. कालही तसंच, आजही. पुढ्यातला भात निवतो, मिठाबद्दल एक शब्द नाही. त्यांनी भांडावं म्हणून आज मी मुद्दाम सार अळणी वाढलं, तर त्यांनी ते चाखलंही नाही. म्हणून हे लिहिते आहे. हे बोलावणं नव्हे, रागावू नकोस. गुरुवारी सकाळच्या बसने कुंकवाचा करंडा घेऊन मी स्वतः तुझ्या दारात येते. दुसऱ्या बोलावण्यासाठी मात्र मला खेप घालायला लावू नकोस, माझ्याबरोबरच नीघ. आणि आईपाशी बसलीस की एवढंच म्हण, तू सकाळी येऊन गेलीस, म्हणून आले.

दारोदार फिरून दमलेली तुझीच,
तुळसी