कोरड्या घागरीचा अंतरा

गुरुजी, उद्या तुमच्या बंदिशींचं पुस्तक छपाईला जातंय, म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही चिडाल. चिडा. तुमच्या चिडण्याची मला सवय आहे. फुलंब्रीच्या एसटीतून उतरून शहागंजातल्या तुमच्या माडीवर मी पहिल्यांदा गायले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मेंढरं हाकायचा गळा हाय हा. लांब जातो, पण घरी येत नाय." मला रडू फुटलं, तर तुम्ही काकूंना हाक मारलीत, "अगं, पोरीला चिवडा दे. रडायला बी ताकद लागती." त्या दिवसापासून मी तुमची झाले.

तुमची रीत मोठी कडक. बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, गळ्यात मुरल्याशिवाय पुढचा अंतरा द्यायचाच नाही. महिने जायचे. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या घशात गाठ निघाली. आवाज कधीही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तशात तुम्ही मारव्यात नवी बंदिश बांधलीत, कोरड्या घागरीवरची. कागदावर उतरवणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. मला स्थायी दिलीत, अंतरा मागितला की म्हणायचात, "मुरू दे." लई संताप व्हायचा माझा. माणूस जायला निघालाय आणि याचं आपलं मुरू दे! शेवटी एका संध्याकाळी घोगऱ्या आवाजात म्हणालात, "उद्या सकाळी ये. देतो."

त्याच सकाळी आमच्या वस्तीत आठ दिवसांनी टँकर आला. लग्नानंतर मी शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला आले होते. घरं उभी होती, नळ नव्हते. घरात दोन लेकरं. मी हंडे घेऊन रांगेत उभी राहिले आणि दुपारी तुमच्याकडं पोचले. काकू दारातच म्हणाल्या, "कुठं होतीस गं? सकाळपासून वाट बघत होते. आता आवाजच नाय." तुम्ही माझा हात ओढलात आणि तळव्यावर बोटांनी ताल देत राहिलात. ताल मला कळत होता हो, सूर कुठून आणणार होते मी? आठवड्यानं तुम्ही गेलात.

शोकसभेत मी तीच बंदिश गायले. अंतरा माझा, आदल्या दोन दिवसांत स्वयंपाक करता करता जुळवलेला. तुमचे तबलजी डोळे पुसत म्हणाले, "अंतऱ्यात तर मास्तर स्वतः बसलेत." मी गप्प राहिले. तेव्हापासून गप्पच आहे. आता आमच्या वस्तीच्याही पुढं शहर गेलंय, नवी सभागृहं झालीत, आणि तुमच्या एवढ्या बंदिशींतली हीच एक पोराटोरांच्या तोंडी आहे. पुस्तकात पहिलं पान तिचंच.

छापखान्यातून विचारलं, काही दुरुस्ती? मी नाही म्हटलं. गुरुजींचा आब राखायचा, असं इतकी वर्षं मनाला समजावलं. हे पत्रही वहीतच राहणार. पण परवा एका मुलीनं तो अंतरा गायला, लोकांनी तुमचं नाव घेऊन कानाला हात लावले, आणि मी खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, आठवणीनं भरून आलं. मी तुमच्यावर जळत होते, गुरुजी.