सांगायची लाज

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र भावोजींना वाचून दाखवू नकोस.

धुलाईच्या दुकानात माझा दबदबा तुला ठाऊकच आहे. शाई असो, गंज असो, डाग आणा, बाई काढून देतात. त्याच बाई चार महिने घरच्या चादरी गुपचूप धुताहेत. पाळी कधीही टपकते. नवऱ्याजवळ गेले की नंतर ओटीपोटात कळ उठते, दोनदा रक्तही गेलं. त्याला आधी डोकं दुखतंय म्हणाले, मग कंबर, परवा तर दाढ. आता दुखायला अवयव उरले नाहीत, ताई. तो बिचारा अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत निजतो.

एकेचाळिसावं लागलं, पाळी जायची वेळ झाली असेल, असं निदान केलंय. डॉक्टरही मीच, रोगीही मीच. दोघींचं छान जमलंय.

हसलीस तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

संबंधानंतर रक्त जाणं हे वयाचं लक्षण नव्हे. तुझ्या लग्नाआधी तू विचारलंस, तेव्हा बाईला थोडं दुखायचंच, असं मीच शहाणपणाने सांगितलं होतं. मला आईने सांगितलं, मी तुला. चुकलं माझं. या आठवड्यात तपासून घे आणि नवऱ्याला खरं सांग. नाहीतर मी येते, आणि मी आले की महिनाभर हलत नाही.

रागावलीस तरी माझीच राहा.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. येऊ नकोस, गेले होते!

डॉक्टरीणबाईंसमोरही मी दाढेपासूनच सुरुवात केली. त्यांनी शांतपणे विचारलं, की दाढ नक्की कुठे दुखते? मग सगळं भडाभडा ओकले. गर्भाशयाच्या तोंडाशी मांसाचा छोटा कोंब होता, आत सूज होती. कोंब तिथल्या तिथे काढून तपासणीला पाठवला. सुजेवर गोळ्या दिल्या. अहवाल यायला दहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा निळा करून ठेवला. अहवालात कर्करोग नाही. दवाखान्यातल्याच बाकावर बसून रडले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं, त्याच्या घोरण्याला मी कंटाळले. म्हणून तो बाहेर निजायचा! यापुढे दुखलं की लगेच सांगायचं, असं आमचं ठरलं. त्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, त्याचा गुडघा दोन वर्षं दुखतोय.

आहे तशी गोड मानून घे.
तुझी चिमणी