बारा गावं निरंक

ता. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी मी कार्यालयात शिपायाच्याही आधी पोचलो, जुन्या नोंदींचं कपाट उघडलं आणि त्यातला एक कागद शर्टाच्या आत घालून घरी आणला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी टाचणीसुद्धा घरी आणलेली नाही. कागद आता देवाच्या फळीवर पोथीखाली आहे. तुझ्या भावजयीला सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण कागद तुझाच आहे.

सरकारनं अपंग माणसांसाठी नवं कार्यालय काढायचं ठरवलंय. कोणाला काय मिळू शकतं ते तिथं सांगतील, आणि एखाद्या खात्यानं अडवलं तर हे कार्यालय त्या माणसाची बाजू घेऊन त्या खात्याशी भांडेल. सरकारनंच सरकारशी भांडायला माणूस नेमायचा, हे ऐकून आमचे साहेबसुद्धा हसले. त्याची आखणी करायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, देवानं तुझ्यासाठीच हे माझ्या टेबलावर आणून ठेवलंय.

पण शाखा पाचच निघणार, आणि त्या कुठं, हे जुन्या मोजणीवरून ठरायचं. आपल्या खोऱ्यातल्या बाराही गावांपुढे ‘निरंक’ लिहिलेलं आहे. म्हणजे तिथं एकही अपंग माणूस नाही. मी आणला तो हाच कागद, आणि अक्षर माझं आहे.

तेव्हा मी नवा कारकून होतो. मोजणी आपल्याच घरापासून सुरू केली. आईनं दारातच थांबवलं. धाकटीचं लग्न जमत होतं; तू कागदावर चढलीस की गावभर होईल आणि तिच्या सासरपर्यंत जाईल, असं आईचं म्हणणं. तू आत शिवत होतीस. मी निरंक लिहिलं. ज्यानं आपल्या घरात खोटं लिहिलं, तो दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं विचारणार? लोक नाही म्हणाले, मी नाही लिहीत गेलो.

तुझा तीनचाकीचा अर्ज ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारून परत आला, तेव्हा तू मला चौकशी करायला सांगितलंस. चौकशी झाली.

शाखांसाठीची गावांची यादी वीस तारखेला वर जाईल. सगळं उघड झालं तर नोकरी जाईल, आणि कागद नेल्याचं निघालं तर त्याहून वाईट होईल. जिन्यात पावलं वाजली की उठून पोथी नीट ठेवतो. काय करू?

राग आला तरी आशीर्वाद थांबवू नकोस, एवढीच विनंती.

तुझा,
भाऊ


ता. ९ ऑगस्ट

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

मला त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं. तुम्हाला बोलता यावं म्हणून मी मशीनचं चाक थांबवलं होतं. आईला दोनदा सांगावं लागलं, हेही ऐकलं. पहिल्यांदा सांगून तू लिहिलं नाहीस, तेवढं मी जपून ठेवलंय. आई गेल्यावर तो विषय मी मिटवून टाकला होता. तू का उकरतोस?

आणि चोरी करून आणलंस काय, तर निरंक. आपल्या घराण्यात चोरसुद्धा धड निपजत नाही.

आता नीट ऐक. धाकटीच्या सासरी दोनच भावंडं आहेत असं सांगितलेलं आहे. तू आणि ती. तिच्या लग्नात मी चार दिवस शेजारच्यांच्या कोठीच्या खोलीत होते. ती मला वर्षाकाठी एक पत्र लिहिते, तेही मी ज्याचं शिवणकाम करते त्या शिंप्याच्या पत्त्यावर. यंदा तिच्या मुलीचं जमतंय. धाकटीची सासू आल्यागेल्याच्या सात पिढ्या विचारणारी. मी कागदावर आले तर तिचं घर पेटेल. तुझी नोकरी गेली तर तुझं. माझ्या एका गाडीसाठी दोन घरं जाळायची नाहीत.

मला तीनचाकी नको. जमिनीवरून सरकायची सवय आहे, पडायची तरी भीती नाही. आधी कागद जागेवर ठेव, मग पोटभर जेव, मग मला लिही.

तुझं भलंच व्हावं असं चिंतणारी,
ताई


ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद जागेवर ठेवला. कोणी पाहिलं नाही. पण काल साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, की त्या सोमवारी कपाटाची किल्ली कोणाकडे होती. आठवत नाही, असं मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

तू सांगितलंस म्हणून यादी टंकायला बसलो. बारा गावांपुढे पुन्हा तोच शब्द टंकला. पहिल्या वेळी आई दारात उभी होती. या वेळी कोणीच नव्हतं. टंकून झाल्यावर कोणाला भितो आहे याचा विचार केला. देवाला नव्हे, तो घरचा आहे. साहेबांना भितो आहे, ताई.

माझ्यासाठी तू शांत राहते आहेस हे कळतं. तसं राहू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. १६ ऑगस्ट

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. या वेळी दारात आईच्या जागी मी होते, हे कळलं आणि भाजीवाल्याला म्हटलं, गाडी रिकामी झाली की मला बसव. अर्धा दिवस त्याच्या हातगाडीवर गावात फिरले. एकानं भाव विचारला. मी म्हटलं, माल जुना आहे, परत घेणार नाही.

अकरा दारांवर गेले. लोहाराच्या थोरलीला ऐकू येत नाही, हे घरच्यांनी मला असं सांगितलं की जणू आजच कळलंय. ज्या मास्तरांनी तुला अक्षर गिरवायला लावलं, त्यांना आता दिसत नाही. सून त्यांना मागच्या खोलीत बसवते. मी त्यांना नवं कार्यालय काय करणार ते समजावलं. त्यांनी नाव लिही म्हणून सांगितलं, आणि सून मध्ये बोलली तर तिला गप्प केलं. दोन घरांनी आम्हाला पाहून दार लावून घेतलं. एका घरातून आतलं माणूस ओरडत होतं, तरीही.

नऊ नावं सोबत आहेत. दहावं माझं. धाकटीलाही कळवलंय, या वेळी तिच्या घरच्या पत्त्यावर. उत्तर नाही. दाराशी कोणी आलं की वाटतं तिचा नवरा आला. शिंप्याची काजं वाकडी झाली, तो बोलला नाही हे त्याचे उपकार.

तुझं तू ठरव. मी तुला दुसऱ्यांदा सांगणार नाही.

तुझ्या पाठीशी असलेली,
ताई


ता. २० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी एका पानाचं निवेदन लिहिलं. मोजणी मी केली, घरापासून खोटी केली, बाराही गावं पुन्हा मोजावीत, तोवर यादी थांबवावी. कपाटातला कागद मीच नेला होता, हेही लिहिलं. खाली तुझी दहा नावं जोडली.

मी मला ओळखतो. कागद साहेबांच्या हातात दिला असता आणि त्यांनी परत घे म्हटलं असतं, तर घेतला असता. म्हणून आधी आवक टेबलावर गेलो. तिथं नोंदवहीत चढून शिक्का पडला की कागद सरकारचा होतो. मग तो लिहिणाऱ्यालाही फाडता येत नाही. आवकच्या बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि घरी विचारलंय का, असं विचारलं. घरूनच आलंय, असं मी सांगितलं. मग त्यांनी शिक्का मारला.

साहेबांनी दोनदा वाचलं आणि दार लावलं. ते रागावले नाहीत, त्यानं मी जास्त घाबरलो. माझ्या मुलीचं शिक्षण कितवीपर्यंत आलंय ते विचारलं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, की घेऊन जा, मी पाहिलाच नाही. माणूस वाईट नाही.

माझा हात पुढं गेला, ताई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. बोटं कागदाला लागली तेव्हा कोपऱ्यातला शिक्का दिसला, शाई ओली होती. आवक झालीये, एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

उद्या यायचं की नाही, ते कळवतील. यादी वर गेलेली नाही. तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. ती उठून गेली.

आवक क्रमांक चारशे सतरा. तुझ्या तीनचाकीच्या अर्जावर नोंद म्हणून तो घाल आणि अर्ज पुन्हा पाठव.

होतीस तशीच माझी राहा.

तुझा,
भाऊ