पुराच्या दवंडीचा मजकूर

८ ऑगस्ट १९८३

'सतर्क राहावे'! हे शब्द ज्यानं पहिल्यांदा सरकारी कागदावर लिहिले, त्याला भर पुरात गोदावरीच्या काठी नेऊन उभं केलं पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं, तेव्हा आमच्या तहसिलीतून गावोगाव निरोप गेला— 'विसर्गात वाढ संभवत असल्याने नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे.' लोक राहिले सतर्क. म्हणजे काठावर बसून पाणी बघत राहिले. दोघं वाहून गेले. आणि आमच्या फायलीत शेरा काय? 'सूचना देण्यात आली होती.' वाचून शिसारी आली.

आज नायब तहसीलदार दिनकरराव म्हणाले, "खिल्लारे, तुमचं मराठी बरं आहे. यंदा पुराच्या दवंडीचा मजकूर तुम्हीच करा." बरं आहे म्हणे! एरवी आवक-जावक लिहायच्या पलीकडं मला कुणी विचारत नाही.

९ ऑगस्ट

केला. 'पाणी येणार आहे. दिवस बुडायच्या आत शाळेत जा. म्हातारी माणसं अन् लेकरं आधी न्या. गुरांची दावी सोडा. सामान राहू द्या.'

लोकांनी कुठं जायचं, हे दिनकरराव साहेबांनाच विचारलं होतं. "शाळा लिहा. शाळा प्रत्येक गावात असतेच." लिहिली.

साहेबांनी कागद दोन बोटांत धरला, ओला फडका धरावा तसा. "ही काय सरकारी भाषा झाली? घरचा निरोप आहे का हा?" मग वर 'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की' चिकटवलं. गुरं काढून 'पशुधन' घातलं. दावी तर गेलीच. पशुधनाला दावं नसतं बहुतेक!

डब्यातली भाकरी तशीच परत आणली.

१४ ऑगस्ट, रविवार

गावी गेलो. आईला सहज विचारलं, मागच्या साली दवंडी ऐकलीस का?

"कुठली दवंडी? आपल्याकडं कवा येती ती?"

मला आधी खरंच वाटेना. मग ध्यानात आलं. पूर्वी गावची हलगी आमच्याच वस्तीतला माणूस वाजवायचा. माझे आजे वाजवायचे. मारुतीच्या पारापासून सुरू करायचे, वेशीत थांबायचे अन् घरी यायचे. वेशीच्या खाली, नदीच्या अंगाला, आमची वस्ती. तिथं दवंडी कशाला द्यायची? देणाराच तिथला! पुढं आम्ही बौद्ध झालो, ते काम सोडलं. आता मुंजाजी वाजवतो. त्याचं घर वर, भर गावात. पण वाट तीच! पारापासून वेशीपर्यंत, अन् वेशीतून माघारी. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी आधी लागतं, त्यांनाच दवंडी नाही. इतकी वर्षं कुणाला हे दिसलंही नाही. मलासुद्धा!

मुंजाजीला गाठलं. बिचारा गोंधळला. "मला खाली जा म्हनून कुनी सांगितलंच न्हाई की. रिवाज हाय तसा मी करायलोय."

सरपंच भगवानराव मात्र हसले. "हलगी तुमीच सोडली ना? आता कशाला पायजे मंग?"

त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. बाहेर येऊन रस्त्यावर थुंकलो.

१६ ऑगस्ट

भांडलो आज. दिनकरराव म्हणे, "गावाला दवंडी दिली म्हणजे सगळ्यांना दिली." मी सरळ तहसीलदारांच्या खोलीत घुसलो. दोन्ही मजकूर समोर ठेवले. त्यांनी वाचले. "खिल्लारे, तुमचाच ठेवा. दुसरा मलाच कळला नाही." वर जीपवर भोंगाही मंजूर! जीप थेट वस्तीत जाणार. दिनकररावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पोटभर जेवलो.

१९ ऑगस्ट

तालीम म्हणून जीप गावोगाव फिरवली. आमच्या गावी मी सोबत होतो. वर गावात बायाबापड्या ऐकायला दारात आल्या. खाली वस्तीत शिरलो, 'शाळेत जा' वाजलं अन् धडाधड कड्या लागल्या. कुत्रंसुद्धा बाहेर येईना.

आईनं दार किलकिलं केलं. "पंडित, तू बी त्याच्यातच का रं?"

"आई, पुराचं आहे हे!"

"अठ्ठ्याहत्तरला बी असंच म्हनले होते. शाळंत चला, तिथं कुनी हात लावनार न्हाई. आमी गेलो. मागं घरं पेटली. तू शिकायला व्हतास तवा परभणीला, तुला काय ठावं?"

"तो नामांतराचा दंगा होता. हे पाणी आहे."

"सांगनारे तेच हायत ना? आमी शाळंत जानार न्हाई. जायचंच झालं तर विहाराच्या मागं माळावर जाऊ."

माळावर! ना छप्पर, ना आडोसा. शेजारची सुलाबाई, तिचा दमेकरी नवरा, सगळे हेच घोकायला लागले. मी ओरडलो, "मरा मग उघड्यावर भिजत!" आईला असं बोललो.

दिनकररावांना विचारलं, वस्तीपुरतं शाळेऐवजी माळ सांगू का? "एका वस्तीसाठी वेगळा मजकूर होत नसतो." हा माणूस, ते गाव, अन् आता आपलेही लोक तसलेच हट्टी! कुणासाठी जीव काढतोय मी? सगळ्याची किळस आली आहे.

२३ ऑगस्ट

धरणातून पाणी सोडलं. भोंग्यावर मीच बोललो. गाव निघालं! म्हाताऱ्या, लेकरं पुढं, गुरं मोकळी, मुंजाजी हाका मारत सगळ्यांच्या मागं. सरकारी मजकूर लोकांना कळलेला आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

वस्तीतलं कुणी शाळेकडं वळलं नाही. आई माझ्याकडं न बघता माळाकडं गेली.

२५ ऑगस्ट

नदीचं पाणी शाळेमागच्या ओढ्यातून उलटं चढलं. शाळा बुडाली. मुंजाजी गेला. त्याची सून, नातू गेले. बाकीच्यांना अजून शोधताहेत.

माळावरचे सगळे जिवंत आहेत. एकानंही माझं ऐकलं नाही.