नांगराचा दोर

केप अॅन, ८ सप्टेंबर १८८१

प्रिय किझाया,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना आराम असेल. इकडे मॅकरेल मासा भरपूर लागलाय, सफरचंदं मात्र किडली.

मला सारखी ती एक सकाळ आठवते. मी अंगणातल्या फळ्यांवर खारवलेले कॉड मासे उलथत होते. तुझा भाऊ झीनस पायरीवर जाळं सांधत होता आणि थॉर्नडाइकसाहेब त्याच्याशेजारी बसून माझ्या हातचं माशाचं कढण पीत होते. तेव्हा कवी म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी वादळाचं विचारलं. झीनस मुळात कमी बोलायचा. म्हणाला, "ते जहाज भरकटत आमच्यावर आलं. मी दोर कापला. ते बुडालं, आम्ही आलो."

आपल्याकडे दोर कापला म्हणजे आपल्याच नांगराचा. नांगर समुद्रात सोडून वाटेतून बाजूला व्हायचं, नाहीतर दोन्ही जहाजं तळाला. साहेब पडले बॉस्टनचे. त्यांना वाटलं, दोन जहाजं एका दोराने बांधलेली होती आणि झीनसने जिवाच्या भीतीने तो कापला.

तसंच त्यांनी कवितेत लिहिलं आणि ती कविता देशभर गाजली. मी वाचायला शिकले तीही त्याच कवितेवर, दुसरं काही घरात नव्हतं. गावातल्या जुन्यांना खरं ठाऊक होतं, पण जुने एकेक गेले आणि नव्यांनी छापलेलं खरं मानलं. पोरं झीनसच्या मागून ती कविता म्हणत चालायची. तो एवढंच म्हणायचा, "आता त्यात नांगर कुठे घालणार? यमक बिघडेल." मार्चमध्ये त्याला पुरलं, तेव्हा पाद्रीबाबाही नजर चुकवत होते.

साहेबांनी दोराची ती ओळ बदलली का, असं तू विचारलंस. मी मॅकरेलचं लिहीत बसले, त्यावरूनच ओळखलं असशील.

साहेब आता इथेच राहतात, त्यांचे कपडे मीच धुते. त्यांच्या सगळ्या कवितांचं पुस्तक निघतंय, शेवटचंच. त्यांची मुलगी लव्हिनिया म्हणाली, बाबा हो म्हणाले तर बदलू, त्यांच्या माघारी मी अक्षराला हात लावणार नाही. म्हणून रविवारी चर्चहून परस्पर त्यांच्याकडे गेले.

नांगराचं समजावून सांगितलं. ते ऐकत होते. माझा हात धरून रडले. बदललंच पाहिजे म्हणाले, आणि लव्हिनियाला वाचायला सांगितलं. तिने सगळी कविता वाचली. त्यांची बोटं खुर्चीवर ठेका धरत होती.

"कुणी लिहिलंय हे?"

"तुम्हीच, बाबा."

"छे. मला कुठलं जमतंय? फार चांगलं आहे. एक शब्दही बदलू नका."

मी पुन्हा झीनसचं नाव काढलं. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "झीनस कोण, बाई?"

लव्हिनियाने पुस्तक मिटलं. मला दारापर्यंत सोडायला आली. तिचा तरी काय दोष.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी साहेबांचे कपडे धुतले आणि दोरीवर वाळत घातले.

तुझ्या भावाची बायको,
पेशन्स