बाबांनी पिक्चर बघू दिला नाही

मुकुंदवाडी, रविवार संध्याकाळ

आज वैताग आला नुसता. आई गेल्यापासून बाबा टीव्हीसमोर बसतच नाहीत, म्हणून मुद्दाम एका शर्यतीत पळणाऱ्या पोरीचा, मनाला उभारी देणारा पिक्चर लावला. तर सारखं आपलं, "ही जिंकती का गं?"

"बाबा, बघा की गप."

परत तेच. शेवटी म्हटलं, "व्हय, जिंकती." तर माझ्यावरच चिडले, "आधीच कशाला सांगितलं?"

शेवटची शर्यत सुरू झाली आणि यांनी करमाडच्या काकांना फोन लावला. "अरे, पोरगी लई पळती!" मोठमोठ्यानं सगळी गोष्ट सांगितली. मला पिक्चरमधलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

फोन ठेवून म्हणाले, "काका उद्या येतोय. पुन्हा लाव."

आई गेल्यावर पहिल्यांदाच कुणाला घरी बोलावलंय त्यांनी. लावीन. दुसरं काय करणार?