आईकडचं रक्त

४ मार्च
ताईच्या जनुकांचा रिपोर्ट आला. इतके दिवस जीव टांगणीला, आणि निष्कर्ष काय — बदल आढळला, पण अर्थ माहीत नाही!

डॉक्टरांना मी अत्तरसाहेब म्हणते. माणसाआधी वास येतो. म्हणाले, "तुमच्यासारख्या लोकांचे नमुनेच कमी आहेत हो आमच्याकडे." म्हणजे श्रीमंत देशांतली रक्तं तपासून कपाटं भरली, आमचा खण रिकामा. मी भूगोल शिकवते. अर्धा नकाशा कोरा सोडणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढते. इथे त्याला फिरती खुर्ची आणि एसी!

हा बदल दोषी ठरला, तरच ताईच्या स्तनाच्या कॅन्सरवर ती नवी गोळी मिळणार. एरवी नाही.

६ मार्च
आता म्हणे नातेवाइकांचं रक्त आणा. घरात ज्यांना आजार त्यांच्यातच हा बदल दिसला, तर काही ठरवता येईल. यांची कपाटं आम्हीच भरायची!

९ मार्च
घरी बैठक. वडील गेल्यापासून धाकटे काका स्वयंघोषित सेनापती. एवढ्या उकाड्यात जाकीट, गळ्यापर्यंत बटणं. काय तो थाट!

"बायकांचा आजार तो. आईकडूनच आला असणार. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं, हे विशेष.

१४ मार्च
आई तर कधीच गेली, म्हणून मावश्यांना गाडीत कोंबून नेलं. धाकटी सुई बघून रडली. थोरलीने नर्सला स्वतःचं लग्न कसं जमलं ते साग्रसंगीत ऐकवलं. काका गाडीपाशीच, हाताची घडी छातीवर. भित्रट!

२ एप्रिल
एकाही मावशीत तो बदल नाही.

अत्तरसाहेब म्हणतात, "वडिलांकडचं कुणी नाही आणलं? तिकडूनही येतो की. माहितीपत्रकात दिलंय." दिलंय ना! आमच्या भाषेत सोडून सगळ्या भाषांत. तोंड कशाला दिलंय देवाने, साहेब?

काकांना म्हटलं, आता तुम्ही द्या रक्त. "मला काय धाड भरलीय?" जाकीट सावरत उठून गेले. पुतणी झिजतेय, आणि यांना घराण्याची अब्रू! तोंड बघू नये अशा माणसाचं.

५ एप्रिल
ताईचे केस गेले. "कंगवा तुला घे आता," म्हणाली आणि हसली. मी नळ सोडून रडले.

११ एप्रिल
काका आपणहून दवाखान्यात आले. पडद्याआड मला सोबत थांबवलं. जाकीट काढलं, मग शर्ट. डाव्या स्तनाखाली गाठ, वरची कातडी आत ओढलेली. कितीतरी दिवसांची.

"बायकांचा आजार," माझ्याकडे न बघता म्हणाले. "सांगणार कुणाला?"

अत्तरसाहेबांनी गाठ तपासली. मग रक्त घेतलं. यांच्यातही तोच बदल निघाला, तर ताईच्या गोळीचं जमेल म्हणतात.

काकांना बटणं लावता येईनात. मी लावली, गळ्यापर्यंत.